तिसऱ्या ट्रेचे नाव

मित्रांनो, मी एक म्हातारा प्रिंटर. इथली मुले मला खादाड म्हणतात, कारण मी कागद खातो आणि लगेच पुन्हा मागतो. तानामी वाळवंटातल्या लाल रस्त्यावरून आत वळले की आमची वस्ती लागते. वस्तीत शाळा, शाळेच्या मागे पुस्तकांची खोली आणि त्या खोलीत खिडकीजवळ मी. माझा पांढरा रंग कधीच बिस्किटासारखा झाला आहे. माझ्या प्रत्येक फटीत लाल धूळ आहे आणि ती कितीही पुसली तरी दुसऱ्या दिवशी हजर असते. एक-दोन दिवसांत शहरातून, म्हणजे अ‍ॅलिसहून ट्रक येईल आणि मला घेऊन जाईल. त्याआधी माझ्या तिसऱ्या ट्रेची गोष्ट तुमच्या कानांवर घालतो. ती माझ्याबरोबर भंगारात जाऊ नये, एवढीच इच्छा आहे.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. कुठल्या तरी मोठ्या कारखान्यात मला जोडले, खोक्यात घातले आणि जहाजात चढवले. जोडताना मला एक भाषा शिकवली, पोस्टस्क्रिप्ट. पानावर अक्षर कुठे, रेघ कुठे, चित्र केवढे, हे सगळे मला त्या भाषेत सांगावे लागते. दुसऱ्या भाषेत कुणी ओरडून सांगितले तरी मी ढिम्म. इतर ठिकाणी यासाठी माझी चेष्टा झाली असती. इथे झाली नाही. या खोलीचे काम वार्लपिरी भाषेत पुस्तके छापण्याचे होते, आणि ती भाषा बोलणारी माणसे साऱ्या जगात मूठभर. ज्याची भाषा थोड्यांनाच कळते त्याला हसायची इथे कुणाची छाती नव्हती.

खोलीत तीन बायका काम करीत. एक एनिड. ती शब्दांची पिवळी कार्डे करी. दुसरी तिची आत्या मेव्हिस. ती गोष्टींची आतली पाने लावी. आणि तिसरी एनिडची आई. ती पुस्तकांची कव्हरे करी, जाड कागदावर. आईला आपण नाकामारा म्हणू. ते तिच्या कुळीचे नाव, वस्तीतल्या कितीतरी बायकांचे. तिचे स्वतःचे नाव मी एवढ्यात सांगत नाही. ते आमच्या कानांआड जसे गेले आणि जसे परत आले, तसेच तुमच्याकडेही येऊ द्या.

माझ्या पोटात तीन ट्रे आहेत. वरच्यात पांढरा कागद, मधल्यात पिवळा, खालच्यात जाड. सुरुवातीला मला कुणी नीट सांगतच नसे की कुठल्या ट्रेतला कागद घ्यायचा. मग हाताला लागेल तो मी घेई. घोरपडीच्या शिकारीची गोष्ट अर्धी पांढरी, अर्धी पिवळी बाहेर आली. कव्हर पातळ कागदावर आणि आतली पाने जाड कागदावर, असे पुस्तक तर मिटेचना.

नाकामाराने ते पुस्तक माझ्या डोक्यावर आपटले. "ह्याला अक्कल नाही का?"

"अक्कल आहे, वहिनी," मेव्हिस म्हणाली. "सांगणारं कुणी नाही. अगदी आमच्या भावासारखं."

शेवटी अ‍ॅलिसहून स्टाव्रो आला. शाळांचे संगणक आणि माझ्यासारखी यंत्रे नीट करीत तो साऱ्या वाळवंटात हिंडत असे. अंगाने दणकट, मिशा भरघोस, आवाज दोन माणसांचा. त्याने माझे तिन्ही ट्रे ओढून पाहिले, मग कोपऱ्यातल्या सर्व्हरपुढे बसला.

"यंत्र एकच, पण रांगा तीन करतो," त्याने बायकांना सांगितले. "तुम्ही छापायला जे पाठवाल ते आधी रांगेत उभं राहतं. प्रत्येक रांगेच्या तोंडाशी मी एक चिठ्ठी ठेवतो, ह्याच्याच भाषेत. कागद अमुक ट्रेतला घे, एवढंच तिच्यात. त्या रांगेतून जे येईल त्याच्यापुढे ती चिठ्ठी चालत येणार आणि हा तिच्याप्रमाणे वागणार."

"आणि दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही?" नाकामाराने विचारले.

"नाही."

"म्हणजे नवऱ्यापेक्षा बरा."

स्टाव्रोने रांगांना आकड्यांची आणि आद्याक्षरांची लांबलचक नावे दिली होती. ती पडद्यावर पाहून मेव्हिसने नाक मुरडले. "हे कोण लक्षात ठेवणार? पांढरं काम माझं, पिवळं एनिडचं. आमचीच नावं घाल की."

"चालेल. आणि जाड कागदाला?"

मेव्हिसने भावजयीकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. "जाड कोण, हे काय वेगळं सांगायला हवं?"

नाकामाराने हातातला खोडरबर तिच्यावर फेकला. मग तिला स्वतःलाच हसू आले आणि ते पोटभर आले. "घाल, घाल माझंच नाव. घरात कुणी माझ्या शब्दात नाही. निदान हा तरी राहील."

अशी माझ्या तिन्ही ट्रेंना तीन जिवंत बायकांची नावे मिळाली. यातले एखादे नाव पुढे कधी तरी बाजूला ठेवावे लागेल, हा विचार त्या दिवशी कुणाच्या मनाला शिवला नाही. ज्यांना तो सगळ्यांत आधी सुचायला हवा होता त्याच खोडरबर फेकून हसत होत्या. हसण्याच्या भरात माणसाला पुढचे दिसत नाही.

मित्रांनो, त्यानंतरची वर्षे माझ्या सुखाची. माझ्या छोट्या काचेच्या पट्टीवर नाव उजळे, आणि कोणाचे काम आले ते मला कळे. मेव्हिसचे काम लांबट आणि शांत. एनिडचे छोटे छोटे आणि सारखे, कारण तिची कार्डे शाळेतली मुले हरवीत आणि ती पुन्हा छापी. नाकामाराचे नाव उजळले की मी सावरून बसे. आमच्याकडे हवा कोरडी ठणठणीत. जाड कागद एकमेकांना चिकटून बसतात आणि दोन एकदम आत आले की माझ्या घशात अडकतात. म्हणून ती गठ्ठा आधी मांडीवर घेई, पत्त्यांसारखा फडफडवी, कडेने हळू फुंकर मारी आणि मगच ट्रेमध्ये ठेवी. ट्रे लावताना माझ्या कुशीवर एक थाप देई. इतक्या वर्षांत तिचा कागद माझ्यात अडकला असेल तर देवाची शपथ.

कव्हरांवरची चित्रे तीच काढी. आणि प्रत्येक कव्हरच्या एखाद्या कोपऱ्यात एक हडकुळे कुत्रे असे. गोष्ट पावसाची असो, विमानाची असो, चंद्राची असो, कुत्रे असायचेच. पुस्तक हातात आले की मुले गोष्ट नंतर वाचत, आधी कुत्रे शोधत. डार्विन शहरातून आलेल्या एका साहेबांनी विचारले की चंद्रावर कुत्रे कसे. ती म्हणाली, "आमच्याबरोबर सगळीकडे येतात. तिथेच का नाही येणार?" साहेबांनी पुस्तकांची स्तुती केली, खोलीची केली, माझीही केली. मी फुगलो. एनिडने तेव्हाच माझा टोनर बदलला, म्हणून कदाचित बरे वाटले असेल.

मग नाकामाराची मूत्रपिंडे थकली. तिला अ‍ॅलिसला न्यावे लागले. तिथे तिला दुसऱ्या एका यंत्राशी जोडून ठेवीत, असे मेव्हिस एनिडला सांगत होती. ते यंत्र कसे असेल, तिच्याशी नीट वागत असेल का, असे मला वाटत राही. जाड कागदाची रांग रिकामी राहिली. ती परत येईल म्हणून एनिड रोज तिच्या खुर्चीवरची धूळ झटकी. ती परत आली नाही.

एका सकाळी वस्तीच्या त्या टोकाकडून रडणे ऐकू आले आणि ते घरामागून घर ओलांडत शाळेपर्यंत पोहोचले. तिच्या माणसांनी घरे सोडली आणि गावाबाहेर दुखवट्याच्या तळावर जमिनीवर पथाऱ्या टाकल्या. बायकांनी कपाळांना पांढरी माती लावली. आणि तिचे नाव सगळ्यांच्या तोंडातून एकदम नाहीसे झाले. दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या मुलीचे नावही तेच होते. त्या दिवसापासून तिला सगळे कुमंजाई म्हणू लागले. गेलेल्याचे नाव ज्याच्याकडे असेल त्याने ते काही वर्षे बाजूला ठेवायचे आणि तोवर कुमंजाई व्हायचे, ही इथली रीत आहे. ते नाव कानावर पडले तर दुःख पुन्हा उघडे पडते, आणि गेलेल्याचीही वाट अडते.

पुस्तकांच्या खोलीत बायका हिरव्या डहाळ्या पेटवून आल्या. पांढरा दाट धूर त्यांनी भिंतींवरून, तिच्या खुर्चीवरून आणि शेवटी माझ्यावरूनही फिरवला. धूर माझ्या प्रकृतीला वाईट. पण त्या दिवशी मी पंखे चालू ठेवले आणि जमेल तेवढा आत ओढून घेतला.

त्या वर्षी कॅलम नावाचा मास्तर होबार्टहून नवा आला होता. मनाने चांगला, पण उतावळा. त्याला कुणी तरी सांगितले की तिचे नाव आणि तिचा चेहरा कुठेही दिसता कामा नये. त्याने भिंतीवरचे फोटो उतरवले, फळ्यावरचे नाव पुसले. मग त्याने संगणक उघडला आणि छापण्याच्या यादीत तिसरे नाव पाहिले.  त्याने ती रांग निवडली आणि मुळापासून उडवून टाकली.

नाव गेले, ते बरोबरच झाले. पण नावाबरोबर चिठ्ठीही गेली. माझ्या तिसऱ्या ट्रेपर्यंत यायचा रस्ता तेवढाच होता.

दोन दिवसांनी एनिड खोलीत आली. कपाळावरची माती वाळून तिचे पोपडे निघत होते. शुक्रवारी विमान आईला घेऊन येणार होते आणि त्याच दिवशी चर्चमध्ये प्रार्थना होती. चारी दिशांच्या वस्त्यांमधून माणसे गाड्या भरभरून येत होती. त्यांच्या हातात द्यायला एनिडने वार्लपिरी स्तोत्रांचे एक छोटे पुस्तक लावले होते. कव्हरवर नाव नाही, फोटो नाही. फक्त खालच्या कोपऱ्यात एक कुत्रे. ते तिने स्वतः काढले होते आणि बाकी पान कोरे ठेवले होते.

"आतली पानं पांढऱ्यावर," ती कॅलमला म्हणाली. "कव्हर जाड कागदावर."

कॅलमने कळ दाबली. पाने पांढऱ्यावर आली. कव्हरही पांढऱ्यावरच आले, पातळ. त्याने पुन्हा दाबली. मित्रांनो, मला कळत होते की ते काय मागत आहेत. जाड कागद माझ्याच पोटात होता. पण चिठ्ठीशिवाय मी तिकडे हात घालू शकत नाही, तसा मी घडलेलोच नाही. हाताने एकेक कागद सरकवायची जी फट माझ्या तोंडाजवळ असते, ती एका पोराने रंगीत खडू कोंबून केव्हाच मोडली होती.

मग कॅलमने जाड गठ्ठा खालून काढला आणि न फडफडवता वरच्या ट्रेमध्ये कोंबला. वरच्या ट्रेची वाट नागमोडी आहे, ती पातळ कागदाची. जाड कागदाला तिथे वळता येत नाही. तीन कागद एकदम आत आले. माझ्या आत काही तरी कर्रकन वाजले आणि रबराचा रूळ फाटला. कॅलमने ओढून ओढून कागद बाहेर काढला. एनिडचे कुत्रे मानेतून दुमडून फाटले होते. तिने तो तुकडा हातात घेतला आणि मांडीवर ठेवून सरळ करीत बसली.

"एनिड, माझं ऐक," कॅलम म्हणाला. "अ‍ॅलिसमध्ये छापून घेऊ. शुक्रवारच्या विमानाने येतील."

"आईबरोबर त्याच विमानात?"

कॅलमने हातातला चुरगळलेला कागद टेबलावर ठेवला.

"आईने जन्मभर गावाच्या पुस्तकांना कपडे शिवले," एनिड म्हणाली. "सगळ्यांच्या. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांच्या गोष्टींनासुद्धा. आणि तिला शेवटचा कपडा आम्ही उसना आणायचा? ह्याच खोलीतून निघालं पाहिजे, नाही तर नकोच. वाऱ्यावर फडफडणारी पानं मी लोकांच्या हातात देणार नाही."

कॅलमने स्टाव्रोला फोन लावला. हात मोकळे हवेत म्हणून त्याने फोनचा आवाज मोठा केला आणि तो माझ्या डोक्यावर ठेवला. दाराबाहेर मेव्हिस आणि इतर म्हाताऱ्या बसल्या होत्या.

"जाड कागदाची रांग उडवली मी," कॅलमने सांगितले. "ती परत कशी करायची?"

स्टाव्रोला काहीच माहीत नव्हते. तो फोनमधून गरजला, "अरे बाबा, कोणाची रांग उडवलीस?" आणि त्याने ते नाव घेतले. "तिला कळलं तर तुला उलटा टांगेल ती! आहे कुठे? दे तिला फोन!" आणि पुन्हा ते नाव घेतले.

कॅलमने फोनवर झडप घातली, पण शब्द निघून गेला होता. दाराबाहेरच्या बायकांनी डोक्यावरून पदर घ्यावा तसे पांघरूण ओढले आणि रडणे सुरू झाले. एनिड उठली.  स्तोत्रांची पाने तिने टेबलावरच ठेवली आणि मान खाली घालून तळाकडे चालू लागली. फाटके कुत्रे मात्र तिने मुठीत नेले.

"स्टाव्रो," कॅलम फोनमध्ये हळू म्हणाला, "त्या गेल्या. रविवारी."

 मग स्टाव्रोचा आवाज आला, आणि तो एकाच माणसाचा होता. "एनिड तिथे होती?"

"हो."

"मी येतो. कशाला हात लावू नकोस."

त्या रात्री मला कुणी बंदही केले नाही. फाटका रूळ पोटात घेऊन मी तसाच उभा राहिलो. नाव घेतले गेले ते माझ्या डोक्यावर ठेवलेल्या फोनमधून, ते अडवणे माझ्या हाती नव्हते. तरी मला लाज वाटली, ती वाटलीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टाव्रोची गाडी धुळीने लाल होऊन आली. तो सरळ माझ्याकडे आला नाही. आधी तळावर गेला, जमिनीवर बसला आणि बसलेल्या प्रत्येकाचा हात त्याने एकेक करून हातात घेतला. एनिडपुढे तो बराच वेळ बसून राहिला. हे मी पाहिले नाही, मेव्हिस कॅलमला सांगत होती ते ऐकले.

मग ते खोलीत आले. स्टाव्रो, कॅलम आणि मेव्हिस. एनिड आत आली नाही. ती उंबऱ्यावर आमच्याकडे पाठ करून बसली.

स्टाव्रोने माझा फाटका रूळ काढून नवा बसवला. वरच्या ट्रेमधला जाड कागद काढून टेबलावर ठेवला. एरवी काम करताना तो गाणी म्हणे, त्या दिवशी ओठ मिटलेले होते. मग तो सर्व्हरपुढे बसला. चिठ्ठी त्याला तोंडपाठ होती, दोनच ओळी तर होत्या. त्या त्याने पुन्हा लिहिल्या.

"रांग झाली," तो म्हणाला. "पण तिला काही तरी म्हणावं लागतं. नुसता तीनचा आकडा घालतो."

"आकडा?" मेव्हिस म्हणाली. "माझी वहिनी म्हणजे काय गाडीची नंबरप्लेट आहे?"

"मग काय घालू? तूच सांग."

"मी कोण सांगणार? मी नणंद. जिची आई आहे ती सांगेल."

सगळे दाराकडे पाहू लागले. एनिडची पाठ हलली नाही. बाहेर एक कुत्रे येऊन तिच्या पायाशी पसरले होते. ती त्याचे कान कुरवाळत होती.

"दुकानातल्या पोरीला आता काय म्हणता?" तिने पाठमोरीच विचारले.

"कुमंजाई," मेव्हिस म्हणाली.

"का?"

"का म्हणजे? तिचं नाव तेच होतं म्हणून."

"आणि ह्याच्या ट्रेचं नाव काय होतं?"

मेव्हिस माझ्या तिसऱ्या ट्रेकडे पाहू लागली. 

"मग तो काय वेगळा आहे?" एनिड म्हणाली. "इतकी वर्षं त्याने आईचं नाव वागवलं. त्या पोरीने बाजूला ठेवलं, तसं त्यानेही ठेवावं. त्यालाही कुमंजाईच म्हणा."

मित्रांनो, तोवर मी त्या खोलीतले सामान होतो. जरा नीट ठेवलेले, पण सामानच. माणसे रडतात तेव्हा सामानाने काय करायचे असते, ते मला कुणी सांगितले नव्हते. त्या दुपारी एनिडने मला सांगितले. दुःखात माझ्या वाटणीला एक काम आले. मला किती बरे वाटले, ते मी कोणत्या भाषेत सांगू?

स्टाव्रोने ते नाव टाकले आणि चाचणीचे एक पान पाठवले. माझ्या काचेच्या पट्टीवर कुमंजाई उजळले. चिठ्ठी पुढे आली. मी खाली हात घातला, पण तिसरा ट्रे रिकामा होता. मी कागद मागितला.

तेव्हा एनिड उठून आत आली. टेबलावरचा जाड गठ्ठा तिने उचलला, आईच्या खुर्चीवर बसली आणि गठ्ठा मांडीवर घेतला. पत्त्यांसारखा फडफडवला. कडेने हळू फुंकर मारली. उलटा करून पुन्हा मारली. ट्रे लावताना माझ्या कुशीवर थाप दिली, आणि तिला स्वतःलाच ते जाणवले असावे, कारण तिचा हात तिथेच थांबला.

कव्हरे निघू लागली. कोरे पान आणि खालच्या कोपऱ्यात कुत्रे. मी एकही कागद अडकू दिला नाही.

मेव्हिसने पहिले कव्हर डोळ्यांजवळ नेले. "कुत्रं जरा जाडच काढलंयस."

"आईवर गेलंय," एनिड म्हणाली.

आत्या हसली, भाची हसली, आणि हसता हसता दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडू लागल्या. स्टाव्रो रुमालाने माझी काच पुसत राहिला. ती स्वच्छच होती.

शुक्रवारी वारा सुटला होता. चर्चला मला कोण नेणार? पण माझ्या खिडकीतून रस्ता दिसतो. पांढऱ्या-काळ्या कपड्यांतली माणसे हातात ती पुस्तके घेऊन जात होती. वारा कपडे ओढत होता, टोप्या उडवत होता. पुस्तकांची कव्हरे मात्र वाकत नव्हती. एक लहान मूल रस्त्यात थांबले, पुस्तक वळवून पाहू लागले आणि त्याने कोपऱ्यावर बोट ठेवले. त्याला सापडले होते.

त्यानंतर बरीच वर्षे गेली. कॅलम होबार्टला परतला. जाताना तो जाड कागद नीट फडफडवायला शिकला होता. स्टाव्रोची कंबर धरली आणि त्याने रस्त्यावरचे हिंडणे सोडले. वरून हुकूम आला की मुलांना इंग्रजीतच शिकवा, तेव्हा ही खोली काही काळ कुलपात होती. त्या दिवसांत माझ्यावर कुणी चादरसुद्धा घातली नाही. पाली माझ्या पोटात अंडी घालून गेल्या. पुन्हा कुलूप निघाले, पण नव्या संगणकांना माझी भाषा धड येईना. मेव्हिस गुडघ्यांमुळे अ‍ॅलिसला मुलाकडे राहते आणि फोनवरून सगळ्यांना टोमणे मारते. एनिडचे केस पांढरे झाले. अधूनमधून ती एखादे कव्हर छापी आणि माझ्या काचेवर कुमंजाई उजळे.

परवा नवे यंत्र आले. चकचकीत, चार ट्रेंचे. नव्या बाई रांगा लावत बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "एनिड मावशी, जाड कागदाची रांग जुन्यावर कुमंजाई नावाने दिसतेय. नव्यावरही तेच ठेवू?"

"नको," एनिड म्हणाली. "आईचं नाव आता मोकळं झालंय. आम्ही सगळ्यांनी बसून ठरवलं. नातीला दिलंय ना."

तेवढ्यात लाल धुळीने माखलेली एक चिमुरडी दारातून धावत आली आणि नव्या यंत्राकडे झेपावली.

"डुल्सी!" एनिड ओरडली. "डुल्सी, त्या हातांनी यंत्राला शिवशील तर बघ! आधी धुऊन ये!"

डुल्सी. इतक्या वर्षांनी ते नाव माझ्यासमोर कुणी तरी मोठ्याने घेतले, आणि कुणी रडले नाही. ते रागावून घेतले होते, नाकामाराच्याच मुलीने, अगदी आईच्या आवाजात. नव्या यंत्राच्या काचेवरही थोड्या वेळाने तेच उजळले. मी माझ्या जागेवरून पाहिले.

संध्याकाळी एनिड माझ्याजवळ आली. तिसरा ट्रे ओढून तिने उरलेले जाड कागद काढले आणि आतली धूळ झग्याच्या टोकाने पुसली. उद्या फेकायच्या वस्तूला कोण पुसतो? तिने पुसले. ट्रे परत लावला आणि कुशीवर थाप दिली.

मित्रांनो, आणि इथल्या मुलांनो, नवे यंत्र आता तुमच्या हवाली. त्याच्यावर दुपारच्या धुळीत चादर घाला. जाड कागद फडफडवल्याशिवाय देऊ नका आणि पातळ वाटेने कोंबू नका. चुकीचा कागद आला तर त्याला मारू नका, आधी पाहा की त्याला कुणी नीट सांगितले आहे का.

आणि माझ्यासाठी एवढे करा. ट्रक वळणापलीकडे गेला की मला खादाड म्हणू नका. खिडकीजवळ कोण होते असे कुणी विचारले तर कुमंजाई म्हणा. नवे यंत्रही पुष्कळ कागद खाईल, तुमच्या तोंडी ते जुने नाव येईल. लगेच देऊ नका. नाव मोकळे व्हायला थोडा वेळ लागतो.